घोडा खाली ठेवा

“मिस्तरी, आधी एवढंच सांगा, ही भरलेली आहे की रिकामी?”

इन्स्पेक्टर साहेब टेबलापासून चांगले पाच फूट लांब उभे होते. दोन हवालदार दाराबाहेर, पंच म्हणून आणलेली दोन माणसं भिंतीला चिकटून. टेबलावर ठासणीची बंदूक आडवी ठेवलेली. ठाण्यातल्या एकाचीही तिला हात लावायची हिंमत नव्हती, आणि त्यात त्यांची चूकही नव्हती. पोलिसांच्या बंदुकीचं मॅगझिन काढलं, बोल्ट ओढला, आत बघितलं की कळतं. ठासणीच्या बंदुकीला उघडायला काही नसतंच. दारू, गच्च बोळा, छर्रे, सगळं नळीच्या तोंडातून गजाने ठासून भरायचं. बाहेरून भरलेली आणि रिकामी सारखीच दिसते.

मी धुळ्याचा. बंदूक विक्री आणि दुरुस्तीचं माझं लायसनवालं दुकान आहे. चाळीस वर्षं हेच करतोय. सकाळी दहाला अमळनेर तालुक्यातल्या एका ठाण्यातून फोन आला की अपघात झालाय, बंदूक जप्त केलीय, ती सेफ करून द्यायला या. मोटरसायकल काढली आणि निघालो. कोणाची बंदूक, कोण गेलं, काही विचारलं नाही. अशा फोनवर विचारून उपयोग नसतो, समोरच्यालाही माहीत नसतं.

मी गज नळीत घातला. गज तळाला टेकला की तोंडापाशी किती बाहेर राहतो ते बघायचं. रिकाम्या बंदुकीची खूण गजावर केलेली असते. भरलेली असेल तर गज तेवढा वर राहतो. इथे तो खुणेपर्यंत गेला.

“रिकामी आहे साहेब. बार होऊन गेलाय.”

“एक बार झालाय ते आम्हालाही माहितीये,” साहेब म्हणाले. “माणूस गेलाय त्यात.”

मग मी बंदूक हातात घेतली, आणि पट्टा दिसला. जुन्या जीपच्या सीटबेल्टचा काळा पट्टा, दोन्ही टोकांना रिव्हेट. असा पट्टा मी आयुष्यात एकाच बंदुकीला बघितला होता. तो लावणारा माणूस माझ्या दुकानात बसून, भोक पाडायचा माझाच पंच वापरून तो लावत होता.

मी विचारलं, “आबा गेले?”

“आबा बाहेर बसलेत. मुलगा गेला. प्रवीण.”

मी बंदूक परत टेबलावर ठेवली.

*

धुडकू आबा माझे फार जुने गिऱ्हाईक. बोरी नदीकाठच्या गावात त्यांचं वावर. मका, भुईमूग, थोडा कापूस. मक्याच्या कणसात दूध भरलं की रानडुकरांचा कळप येतो आणि सकाळपर्यंत शेत लोळवून जातो. त्यासाठी सरकार पीकसंरक्षणाचं लायसन देतं, आणि डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी लागते. गावात सगळे त्याला शिकारच म्हणतात. आबांकडे त्यांच्या वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक होती. लोक तिला रायफल म्हणायचे, पण ती रायफल नव्हे. रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात, त्याने गोळी फिरत जाते. ही आपली साधी गुळगुळीत नळी. तिला रायफल म्हणाल तर बैलगाडीला इनोव्हा म्हणा.

ही बंदूक उडते कशी ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मागच्या बाजूला एक छोटी पोकळ बोंडी असते, तिला आम्ही निप्पल म्हणतो. त्यावर तांब्याची टोपी बसवायची, शर्टाच्या बटणापेक्षा लहान. टोपीत ठिणगीचा मसाला असतो. चाप ओढला की वरचा घोडा, म्हणजे हातोडीसारखा भाग, टोपीवर आपटतो. ठिणगी निप्पलमधून आत जाते आणि दारू पेटते. घोड्याच्या तीन जागा असतात. पूर्ण मागे ओढला की बार करायला तयार. अर्ध्यावर ठेवला की एका खाचेत अडकतो आणि चाप ओढला तरी पडत नाही, ही सुरक्षित जागा. आणि पूर्ण खाली, म्हणजे थेट टोपीला टेकलेला.

आबांच्या जुन्या बंदुकीत सगळीच बोंब होती. स्प्रिंग मेलेली. घोड्याचं तोंड झिजून आत खड्डा पडलेला, त्यामुळे घाव टोपीवर नीट बसायचाच नाही. तीनदा ओढलं तर एकदा फुसकं. आबांना त्याचं काही वाटत नसे. “ती माले वळखस, मी तिले वळखस,” म्हणायचे. फुसका बार झाला की दुसरी टोपी लावायची, एक शिवी हासडायची, पुन्हा ओढायचं.

मग एका संध्याकाळी डुक्कर अंगावर आलं आणि दोनदा ओढूनही बंदूक उडाली नाही. डुकराने आबांची मांडी फाडली. महिनाभर दवाखान्यात. त्यानंतर प्रवीण आणि त्याची बायको मनीषा माझ्या दुकानात आले. प्रवीण चाळिशीच्या आतला, सरळ माणूस. मनीषा शाळेत शिक्षिका, माहेर इथेच देवपूरला. बोलत तीच होती.

“काका, आबा ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. नवी घ्यायची म्हणते मी. तुम्ही खरं सांगा, नवी भरवशाची असते का?”

आता माझ्यासारख्या माणसाला असा प्रश्न विचारला की काय होतं? शहाणपण पाजळायची संधी मिळते. मी दोन बंदुका टेबलाला बांधल्या, एक आबांची, एक कारखान्यातून आलेली नवी ठासणीची. दारू न भरता नुसत्या टोप्या लावून दहा-दहा वेळा घोडा पाडला. आबांच्या बंदुकीच्या सहा फुटल्या. नवीच्या दहाच्या दहा.

“बघा,” मी म्हणालो. “ही जुनी म्हणजे मूड असेल तर काम करणारा कारकून. नवी म्हणजे ड्युटी म्हणजे ड्युटी.”

मनीषा हसली. प्रवीणही हसला. आठ दिवसांनी तो आबांना घेऊन आला. आबा काठी टेकत आले, नवी बंदूक हातात घेतली, खांद्याला लावून बघितली. लायसनवर नवीची नोंद झाली. जुनी माझ्या दुकानात जमा. प्रवीणला मी सगळं समजावलं: घोडा अर्ध्यावर, चालताना टोपी काढायची, नळी आभाळाकडे. त्याने मोबाइलवर व्हिडिओ काढून घेतला.

आबांना काही सांगितलं नाही. ते बाकावर बसून, चहा पीत पीत, नवीला सीटबेल्टचा पट्टा लावत होते. पन्नास वर्षं बंदूक वापरलेला माणूस, त्याला मी काय शिकवायचं, असं वाटलं. उलट ते रागावतील असंही वाटलं.

*

ठाण्यात मी नवी बंदूक पंचांसमोर तपासली. निप्पलवर फुटलेली टोपी तशीच होती. घोड्याच्या पाठीवर ताजा ओरखडा, त्यात सिमेंटची भुकटी. घोडा अर्ध्यावर ठेवला आणि जोर लावून चाप ओढला. पडला नाही. लाकडी हातोड्याने वरून ठोकलं. नाही पडला. स्प्रिंग टणक, खाच कोरी.

“काय झालं असेल?” साहेबांनी विचारलं.

“जागा सांगा.”

साहेबांनी सांगितलं. सकाळी साडेसातची वेळ. रात्रभर राखण करून आबा मचाणावरून उतरून विहिरीपाशी आले, मोटरच्या खोलीच्या भिंतीला बंदूक उभी केली आणि हातपाय धुवायला गेले. प्रवीण गावातून आला, खोलीसमोर बसून फवारणीच्या पंपात पाणी भरू लागला. बंदूक भिंतीवरून घसरली आणि सिमेंटच्या ओट्यावर आडवी पडली, नळी प्रवीणच्या दिशेला, आणि बार झाला. एवढंच. कोणी चापाला हात लावला नाही.

मला समजलं. घोडा अर्ध्यावर असता तर ती दहा वेळा पडूनही उडाली नसती. तो खाली होता, जिवंत टोपीवर टेकलेला. ओट्याची कड घोड्याच्या पाठीवर लागली, तो दणका थेट टोपीत गेला. अशा वेळी चाप लागतच नाही, दगडही पुरतो.

“म्हणजे बंदुकीत फॉल्ट?” साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात आशा होती, हे मी खोटं नाही सांगत. “फॉल्ट असेल तर म्हाताऱ्यावर निष्काळजीपणाचं कलम लावायला नको. स्वतःचाच मुलगा गेलाय हो. लॅबचा रिपोर्ट येईल तेव्हा येईल. तुम्ही प्राथमिक मत लिहून द्या.”

“मला आबांशी बोलू द्या आधी.”

आबा व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. धोतराला चिखल. शवविच्छेदन व्हायचं होतं, गावातली माणसं तिकडे गेली होती. मी शेजारी बसलो. चाळीस वर्षं मी लोकांशी स्प्रिंग आणि स्क्रूंबद्दल बोलत आलो, दुसरं काही बोलताच येत नाही मला.

“आबा, घोडा कुठे होता?”

“खाले. टोपीवर.”

“अर्ध्यावर का नाही ठेवला?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मास्तरांनी स्वतःच शिकवलेलं स्वतःच विचारावं आणि पोराला कळू नये हे काय चाललंय, तसं बघितलं.

“तूच तं सांगेल व्हतं ना, मिस्तरी. आर्धावर ठेवू नको, खाच खायेल शे, घोडा खाले बसाडी ठेव. तैपासून मी तसंच करस.”

मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. तीसेक वर्षं झाली असतील. पण मी ते सांगितलं असणार यात मला एका क्षणाचीही शंका आली नाही, कारण त्या काळात मी सगळ्यांनाच ते सांगायचो. जुन्या बंदुकांची अर्ध्यावरची खाच झिजते. मग घोडा तिथे अडकल्यासारखा दिसतो आणि कधीही सुटून पडतो. खरी दुरुस्ती म्हणजे आतला तुकडा नवा घडवायचा, कडक करायला तापवून पाणी द्यायचं, घासून बसवायचा. दोन दिवसांचं काम. कंटाळा यायचा. तुकडा मिळत नाही म्हणायचं आणि सांगायचं, “घोडा खाली ठेवा, काही होत नाही.” आणि त्या बंदुकांत खरंच काही होत नसे. घोड्याच्या तोंडाला खड्डा, तो टोपीला धड टेकायचाच नाही. ज्या खोटीमुळे आबांची बंदूक डुकरासमोर उडाली नाही, त्याच खोटीमुळे ती पडली तरी उडत नव्हती. हे मला कळायला हवं होतं. दहा टोप्या फोडून दाखवल्या तेव्हा तरी कळायला हवं होतं. मी फक्त किती उडतात तेच मोजत बसलो.

“जुनी कितींदाव पडनी,” आबा म्हणाले. “मचाणवरथीन पडनी, गाडावरथीन पडनी. कधी उडनी नही. हाई एकदाव पडनी.”

आत जाऊन मी साहेबांना सांगितलं की बंदुकीत काहीच फॉल्ट नाही. खोटं लिहून उपयोग नव्हता, लॅबने दोन मिनिटांत पकडलं असतं. मग मी म्हणालो, “साहेब, आबांनी घोडा खाली ठेवला, कारण मी त्यांना तसं सांगितलं होतं. हेही लिहून घ्या.”

“कधी सांगितलं होतं?”

“तीस वर्षांपूर्वी.”

“या बंदुकीबद्दल?”

“नाही. जुनीबद्दल.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “मिस्तरी, तुम्हाला वाईट वाटतंय, समजतं मला. पण तीस वर्षांपूर्वी दुसऱ्या बंदुकीबद्दल कोणी काय म्हणालं, ते पंचनाम्यात बसत नाही.” आणि त्यांनी लिहिलं, बंदूक सुस्थितीत, हाताळणीत निष्काळजीपणा. त्याखाली मी सही केली. माझी सही नेहमीसारखीच सुंदर आली, त्याचीच लाज वाटली.

*

तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी आबांच्या गावी गेलो. घरून निघताना ठरवून गेलो होतो की मनीषाला सगळं सांगायचं. झाला तेवढा शहाणपणा पुरे. तिने शिव्या दिल्या तर खायच्या.

ओसरीवर आबा भिंतीला टेकून बसले होते. मनीषाने पाणी आणून दिलं आणि समोर बसली. डोळे कोरडे होते. मी तोंड उघडायच्या आत तिनेच सुरुवात केली.

“काका, एक विचारू? तुम्ही यातले जाणकार. खरं सांगा. जुनी बंदूक असती, आणि ती तशीच पडली असती, तर उडाली असती का?”

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

“नवी घ्या म्हणून मीच मागे लागले होते,” ती म्हणाली. “हे नको म्हणत होते, आबा नको म्हणत होते. मी रुसून माहेरी जाऊन बसले होते चार दिवस. रोज तेच डोक्यात येतं. जुनी असती तर हे असते का आज?”

उत्तर एका शब्दाचं होतं. असते. माझ्या धंद्यातला कोणीही माणूस तेच उत्तर देईल. आणि ते दिलं की ही बाई उरलेलं आयुष्य काय करेल, तेही मला समोर दिसत होतं. मला माझी चूक सांगायची होती, पण माझी चूक सांगायची म्हणजे आधी हे सांगायला हवं की जुनी उडाली नसती. दोन्ही एकाच दोरीला बांधलेलं. एक सोडलं की दुसरं सुटतंच.

“उडाली असती,” मी म्हणालो. “घोडा टोपीवर टेकलेला असला की जुनी काय, नवी काय, सारखंच. तुझा काही संबंध नाही त्यात.”

चाळीस वर्षांत कामाच्या बाबतीत मी कंटाळा केला, टाळाटाळ केली, पण बंदुकीबद्दल धडधडीत खोटं कधी बोललो नव्हतो. ते त्या दिवशी बोललो. आणि बोलून होताच माझी नजर आबांकडे गेली. जुनी बंदूक किती वेळा पडली आणि एकदाही उडाली नाही, हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि दोघेही त्या ओसरीवर होते.

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग सुनेकडे वळले.

“खरं सांगस मिस्तरी. तीबी उडतीच. घोडा मी खाले ठेवेल व्हता, बेटा. बठ्ठी चूक मन्ही शे.”

मनीषा उठून आत गेली. आतून तिच्या रडण्याचा आवाज आला, पंधरा दिवसांत पहिल्यांदा, असं नंतर शेजारणीने सांगितलं. मला वाटलं, चला, निदान एक जीव तरी मोकळा झाला. निघताना आबांच्या पाया पडलो. ते म्हणाले, “जाय आते.”

तिचा जीव मोकळा झाला, हे खरंच झालं. पण माझ्या लक्षात आलं नव्हतं की तिच्या अंगावरून उतरलेलं ओझं कुठेतरी जाऊन बसणारच. पंधरा दिवसांनी ती मुलीला घेऊन देवपूरला आली ती कायमची. बदली करून घेतली. भाजी बाजारात भेटली तेव्हा शांतपणे म्हणाली, “काका, त्यांच्या घरातलं जेवण मला घशाखाली उतरत नाही. एवढा अनुभवी माणूस, आणि घोडा टोपीवर ठेवून बंदूक भिंतीला लावतो. मी त्यांना माफ करू शकत नाही.” मी मान हलवली. तिचा निवाडा माझ्या साक्षीवर उभा होता.

आबा त्या घरात एकटे राहतात. केस चालू आहे. तारखेला येतात, न्यायाधीशांनी काही विचारलं की “व्हय” म्हणतात, वकिलालाही बोलू देत नाहीत. मी दोनदा गेलो. दुसऱ्यांदा त्यांनी दार उघडलं नाही, आतूनच म्हणाले की सुनेले काही सांगू नको.

तेव्हापासून मी माझ्या जुन्या गिऱ्हाइकांच्या गावोगाव फिरतो, रविवारी. जेवढे आठवतात तेवढ्यांकडे. सांगतो की घोडा खाली ठेवू नका, मी चुकीचं सांगितलं होतं. बरेच जण चहा पाजतात आणि म्हणतात, मिस्तरी, इतकी वर्षं काही झालं का? झालं म्हणून सांगतो. ते म्हणतात, ती नवी बंदूक होती, आमची जुनी आहे, आमची भरवशाची आहे. आणि यात ते चुकतात असंही मला म्हणता येत नाही.

दुकानात अजूनही कोणी ना कोणी विचारतं, भरवशाची कोणती, जुनी का नवी? मी उत्तर देत नाही. त्याच्या हातात त्याची जुनी बंदूक देतो, भिंतीला लावून ठेवा म्हणतो, आणि तो घोडा कुठे ठेवतो ते बघतो. बंदूक बदलायला एक अर्ज पुरतो. हात बदलायला किती लागतं ते मला अजून कळलेलं नाही, आणि ते कळेपर्यंत मी नवी बंदूक विकणं बंद केलं आहे.